भांडुपच्या पाण्यानंतर पावसात परत गाडी चालवायला लागले, त्याची सगळी हकीकत

पाऊस आला की गाडीची चावी उचलायलाच हात जात नाही आणि हे घरातही धड कुणाला सांगता येत नाही, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मला हे होत होतं तेव्हा नेमकं कुठे जायचं, काय मागायचं, किती पैसे लागतील, किती थांबावं लागेल, काहीच कळत नव्हतं. जो तो म्हणायचा "जाईल गं हळूहळू." माझी भीती तरी आपोआप गेली नाही, उलट वाढत गेली. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते, गाडीच्या इन्शुरन्स क्लेमच्या कटकटीसकट, कारण ती कटकट सुद्धा डोक्याला तितकाच ताप देते.

तारीख २५ सप्टेंबर २०२४, बुधवार. मुंबईत असाल तर ती संध्याकाळ आठवत असेल. पूर्व उपनगरांना पावसानं अक्षरशः धुऊन काढलं होतं, मानखुर्द, घाटकोपर, पवई भागात त्या दिवशी २०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. मी लेकीला पवईच्या क्लासमधून घेतलं आणि मुलुंडला घरी निघाले. जेव्हीएलआरवरनं (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे गाठायचा नेहमीचा रस्ता, पण पुढे सगळं तुंबलेलं, म्हणून गांधीनगरला सगळ्यांबरोबर डावीकडे वळून एलबीएसला, म्हणजे लाल बहादूर शास्त्री मार्गाला लागले. कांजूर पार होईपर्यंत पाणी होतं पण गाड्या चालत होत्या. भांडुपला आल्यावर पुढच्या गाड्या थांबल्या, मागे रांग, उजवीकडे डिव्हायडर, म्हणजे वळायला जागाच नाही. पाणी अर्ध्या टायरपर्यंत होतं. तेवढ्यात बाजूनं एक बस गेली आणि तिची लाट बॉनेटवरून थेट समोरच्या काचेवर आली. गाडीनं एक गचका दिला आणि बंद पडली. वायपर काचेच्या मधोमध अडकून राहिले.

त्यानंतरचं मला आजही तुकड्यातुकड्यात आठवतं. पायाशी गार लागलं, बघते तर पाणी दाराच्या रबरातनं आत येत होतं, क्लच-ब्रेक पाण्याखाली. सेंट्रल लॉक आपोआप टकटक करायला लागलं, उघडतंय की बंद होतंय कळेना. दार ढकललं तर बाहेरच्या पाण्यानं हलेना. मागे लेकीचं कंपास आणि वॉटरबॅग पायाशी तरंगायला लागले होते आणि ती एकदम गप्प होती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, २६ जुलै २००५. तेव्हा मी कॉलेजात होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि लॉक अडकल्यामुळे गाडीतच जीव गेलेल्या माणसांच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी वाचल्या होत्या. खिडकीचं बटण दाबलं, काच अर्धी खाली आली आणि थांबली. दोन मुलं कमरेएवढ्या पाण्यातनं आली, एक म्हणाला, "ताई, गाडी परत चालू करू नका, आधी पोरीला द्या इकडे." अर्ध्या काचेतनं त्यांनी लेकीला बाहेर घेतलं, मग दोघांनी मिळून माझं दार ओढलं. गाडी ढकलून फुटपाथला लावून दिली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, नावही विचारायचं राहून गेलं. समोरच्या चाळीत एका मावशींनी आम्हाला घरात घेतलं, लेकीला कोरडा फ्रॉक दिला, चहा दिला. सेंट्रल रेल्वेच्या लोकल रखडलेल्या, रिक्षा नाहीत, नवरा मुलुंडहून चालत आम्हाला घ्यायला आला. मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी पोचलो.

आता क्लेमचं. दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी जाहीर झाली होती. नवरा आणि मी सकाळीच गाडीपाशी गेलो, पाणी ओसरलं होतं. गाडी हलवायच्या आधी भरपूर फोटो काढले. दारावर आतून चिखलाची जी रेघ उमटते, तिचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते त्यावरूनच कळतं. नंबर प्लेट आणि आजूबाजूचा रस्ता दिसेल असा व्हिडिओ पण घ्या. इन्शुरन्सच्या ॲपवर लगेच क्लेम टाकला, क्लेम नंबर आला. टोइंगसाठी फ्लॅटबेडच मागा. त्या दिवशी अर्ध्या मुंबईला टोइंग हवं होतं त्यामुळे आम्हाला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारायची नाही. एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉडच वाकतो. यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, कंपनी म्हणते की हे पुरानं नाही तर तुम्ही स्टार्ट मारल्यामुळे झालं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं ॲड-ऑन लागतं. माझ्याकडे ते होतं, नवऱ्यानं रिन्यूअलच्या वेळी घेऊन ठेवलं होतं. झिरो डेप (पार्टच्या किमतीत घसारा न कापणारं ॲड-ऑन) मात्र नव्हतं, गाडी २०१८ची.

वर्कशॉपच्या आवारात चिखलानं माखलेल्या गाड्यांची रांग लागली होती. नुकसान तपासणारा इन्शुरन्सचा सर्व्हेअर यायला आठवडा गेला, तोपर्यंत इंजिन उघडता येत नाही, कारण त्याच्यासमोरच खोलावं लागतं. कागद लागले ते असे: क्लेम फॉर्म, आरसी, लायसन्स, पॅन, आधार, कॅन्सल्ड चेक. फॉर्ममध्ये घटना कशी घडली ते आपल्या शब्दांत लिहायचं असतं, तिथे मी "गाडी बंद पडल्यावर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला नाही" असं स्पष्ट लिहिलं. एस्टिमेट १ लाख १८ हजारांचं आलं. त्यातले ८४ हजार मंजूर झाले, बाकी ३४ हजार आम्ही भरले. प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, इंजिन ऑइल, कूलंट वगैरे कन्झ्युमेबलमध्ये जातं म्हणून ते आपल्याच खिशातून, शिवाय १,००० रुपये कम्पल्सरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपण भरायचाच वाटा (१,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एवढं, वरच्या गाडीला २,०००). क्लेम घेतला म्हणून नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूटही गेली, ती पुन्हा शून्यापासून. गाडी दिवाळीच्या तोंडावर हातात आली. धुऊन-पुसून चकचकीत, पण दार उघडलं की ओल्या गोणपाटासारखा वास यायचा.

गाडी दुरुस्त झाली तेव्हा मला वाटलं विषय संपला. पण त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाच्या एका संध्याकाळी, मी नवऱ्याच्या ऑफिसची गाडी पार्किंगमधून नुसती बाहेर काढत होते आणि विजा चमकून पाऊस सुरू झाला. तळहात ओले, छाती धडधडायला लागली, आणि मी दाराचं लॉक उघड-बंद, उघड-बंद करत बसले. मागचा हॉर्न वाजवतोय ते मला ऐकूच येत नव्हतं. शेवटी वॉचमनकाका आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही उतरा, मी लावतो बाजूला."

मग पाऊस संपला आणि मुंबईत पावसाच्या भीतीचा खरा घोळ इथेच होतो. ऑक्टोबर संपला की थेट जूनपर्यंत पाऊसच नाही. म्हणजे भीती समोर येतच नाही, आपण बरे झालो असं वाटतं. मी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये व्यवस्थित गाडी चालवत होते. पण हळूहळू लक्षात आलं की मी एलबीएसनं जातच नाही, जवळचं असलं तरी हायवेनं फिरून जाते. काच बोटभर उघडी ठेवल्याशिवाय गाडी सुरू करत नाही, एसी लावला तरी. मागे लेक बसली असेल तर तिला चाइल्ड लॉक चेक करायला लावते. सिग्नलला बस शेजारी येऊन थांबली की मान आखडते. टँकरचं पाणी रस्त्यावर सांडलेलं असलं तरी मी लेन बदलायचे.

फेब्रुवारीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, जूनमध्ये. आई ठाण्याला नौपाड्यात, भाऊ परदेशात, नवऱ्याच्या शिफ्ट. म्हणजे भर पावसाळ्यात हॉस्पिटल, फिजिओ, औषधं सगळी ने-आण माझ्याकडे. डॉक्टरांनी तारीख सांगितली तेव्हा आईकडे बघायच्या ऐवजी मी मनातल्या मनात रिक्षा मिळेल का, ओला-उबर मिळेल का याचा हिशोब करत होते. त्या रात्री झोप आली नाही आणि मी १४४१६ वर फोन लावला.

हा टेलिमानसचा नंबर, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. फुकट आहे, २४ तास आहे, मराठीत बोलता येतं. मला वाटलं होतं की एवढ्याशा गोष्टीसाठी आपण त्यांचा वेळ घेतोय, खरे गरजू लोक थांबले असतील. पण पलीकडच्या बाईंनी एकदाही तसं जाणवू दिलं नाही. झोप कशी आहे, स्वप्नं पडतात का, जीव नकोसा वाटतो का, घरात कुणाला सांगितलंय का, सगळं शांतपणे विचारलं. मग म्हणाल्या, यावर चांगला इलाज आहे, एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या.

मी आधी पालिकेच्या एका हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेले. केईएम, सायन, नायर, कूपर सगळीकडे हा विभाग आहे आणि केसपेपरचे पैसे अगदी किरकोळ लागतात. सकाळी लवकर गेलात तरच नंबर लागतो. बाकावर शेजारी एक आजी होत्या, नातवाला घेऊन आलेल्या, त्यांनी मला अर्धी चिक्की दिली आणि "पहिल्यांदा आलीस का?" एवढंच विचारलं. तिथे यायला मी उगाचच इतके दिवस घाबरत होते. तरुण डॉक्टर मुलगी होती, तिनं नीट ऐकून घेतलं. तिनं सांगितलं की प्रसंग सारखा डोळ्यासमोर येणं, झोप उडणं, दचकणं असं महिन्याच्या वर चालू असेल तर तो पीटीएसडीचा, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर राहणाऱ्या मानसिक त्रासाचा भाग असू शकतो, आणि फक्त ठरावीक गोष्टीची भीती उरली असेल तर त्याला फोबिया म्हणतात. माझं दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होतं पण जास्त करून दुसरं. गोळ्यांची गरज नाही, थेरपी घ्या म्हणाली. तिथल्या सायकॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळत होती पण कामाच्या दिवशी सकाळची आणि बरीच पुढची. सुट्टी मिळणं कठीण, म्हणून मी ठाण्यात खाजगी घेतली. ज्यांना वेळ जमतो त्यांनी पालिकेचीच घ्यावी, मला ती डॉक्टर फार चांगली वाटली.

खाजगीत एका सेशनचे १,५०० रुपये, पाऊण-एक तास. जायच्या आधी एक नक्की बघा: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन असतं, नंबर विचारला तर कुणी रागावत नाही. मेडिक्लेममधून मिळेल का ते पण मी विचारलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं बंधन आहे, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच (ॲडमिट न होता घेतलेले उपचार) नाही, त्यामुळे सेशनचे पैसे खिशातूनच गेले. तुमच्या पॉलिसीत ओपीडी असेल तर बिलं जपून ठेवा.

थेरपीत काय होतं हे सांगते कारण मला वाटलं होतं की नुसतं बोलायचं असेल. माझ्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी पहिल्यांदा कागदावर पायऱ्या काढायला लावल्या. कशाची भीती किती, शंभरापैकी. पावसाचा आवाज नुसता ऐकणं २०. बंद गाडीत बसून काचेवर पाणी पडताना बघणं ४०. रिमझिमीत मुलुंडमध्येच चक्कर ५०. हायवेवर जोराचा पाऊस ७०. रात्री पावसात एलबीएसवर भांडुपची तीच जागा, लेक मागे बसलेली, १००. मग खालच्या पायरीपासून सुरुवात, आणि नियम एकच, भीती शिगेला असताना पळायचं नाही, तिथेच थांबायचं, ती आपोआप उतरेपर्यंत. शिगेला असताना पळालं की मेंदू शिकतो की पळाले म्हणून वाचले. मला हे ऐकून खूप काही उमगलं, कारण मी ऑक्टोबरपासून नेमकं तेच करत होते.

दुसरं म्हणजे मी जी बोटभर काच उघडी ठेवायचे, नवऱ्याला पूर्ण रस्ताभर स्पीकरवर ठेवायचे, ते सगळं एकेक करून बंद करायला लावलं. ते फार जड गेलं. फोन ठेवणं तर सगळ्यात जड.

पण मार्च-एप्रिलमध्ये पाऊस आणायचा कुठून? मोबाइलवर पावसाचे आवाज लावून सुरुवात केली, हेडफोन लावून, डोळे मिटून. मग मॅडमनीच सुचवलं की गाडीवर पाणी पाडा. आमच्या सोसायटीत बोअरवेलचं पाणी बागेला असतं, सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले रविवारी सकाळी घ्या. नवरा पाइप घेऊन बॉनेटसमोर उभा, मी आत, सगळ्या काचा बंद, इंजिन चालू, वायपर चालू. त्यानं अंगठा लावून जोरात काचेवर पाणी मारलं आणि माझे दोन्ही हात आपोआप लॉककडे गेले. तो पाइप बाजूला घ्यायला लागला, मी मान हलवून नाही म्हटलं. पाण्यातनं त्याचा चेहरा वाकडातिकडा दिसत होता, वायपर आला की सरळ, गेला की परत वाकडा. मी त्या सरळ चेहऱ्यावर नजर ठेवली आणि श्वास सोडताना लांब सोडत राहिले, मॅडमनी तसंच सांगितलं होतं, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. बराच वेळ काहीच फरक पडला नाही. मग कधीतरी खांदे खाली आले. उतरल्यावर मी ढसाढसा रडले आणि तो भिजलेल्या कपड्यांनीच मला धरून उभा राहिला. सोसायटीतली माणसं खिडकीतून बघत होती, बघू देत. नंतरचे कितीतरी रविवार आम्ही हेच केलं. पुढे पुढे पाइप लेकीनं हातात घेतला, तिलाही त्याची गरज होती हे मला तेव्हा समजलं.

त्याच सुमारास मोटार ट्रेनिंग स्कूलला रिफ्रेशर लावला, तासाला ५०० रुपये. लायसन्स असलेल्यांना शिकवतात, फक्त आधी स्पष्ट सांगा की पार्किंग-बिर्किंग नको, पावसात चालवायचं शिकायचंय. माझे सर साठीच्या पुढचे, आयुष्यभर मुंबईत टॅक्सी चालवलेले. त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगावंसं वाटतं पण फार लांबेल. मुख्य मुद्दा हा की पाण्यात घालायची वेळच येऊ द्यायची नाही, खोली दिसत नसेल तर पुढची छोटी गाडी किंवा रिक्षा कुठपर्यंत बुडते ते बघायचं, बसवर अंदाज बांधायचा नाही. घालावीच लागली तर फर्स्ट गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, मध्ये सोडायचा नाही आणि मोठी गाडी समोरून येत असेल तर तिला आधी जाऊ द्यायचं. पाण्यातनं बाहेर आलं की ब्रेक हलके हलके दाबून सुकवायचे. जोराच्या पावसात लो बीम लावायचा, चालत्या गाडीला हॅझर्ड लावायचे नाहीत, त्यानं मागच्याला आपला इंडिकेटरही कळत नाही आणि गाडी उभी आहे का चालू तेही कळत नाही. काच आतून धुरकट झाली की एसी चालू करून हवा समोरच्या काचेवर सोडायची. हायवेवर गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी वाटली तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद काढायचा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर तो टायर कायद्यानंच बाद, पण पावसासाठी तेवढी वाट बघू नका. मी पुढचे दोन टायर बदलले, ९ हजार. वायपर ब्लेड ७०० रुपये.

काच फोडायची हातोडी घेतली, ३५० रुपयांची, ड्रायव्हरच्या दारात हाताला येईल अशी ठेवलीय. समोरची काच लॅमिनेटेड असते, ती अशी फुटत नाही, बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायची असते. ही हातोडी पण त्या बोटभर उघड्या काचेसारखी भीतीची काठीच नाही का, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ठेवा, फक्त सारखं हात लावून बघू नका. माझं मत विचाराल तर प्रत्येक गाडीत ती असावी. पाणी वाढतंय असं दिसलं की पहिलं काम म्हणजे इलेक्ट्रिक चालू आहे तोवर काचा खाली घेणं, आणि हे मुलांनाही शिकवून ठेवा.

माझ्या कागदावर रिमझिम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लिहिली होती. पण २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मेलाच आला, इतक्या लवकर आल्याची आधीची नोंदच नव्हती. सकाळी उठले तर बाहेर धो धो, टीव्हीवर सगळीकडे पाणी. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. तयारी झालेलीच नाही, आता सगळं वाया गेलं असं वाटायला लागलं. मॅडमना मेसेज केला, त्यांचं उत्तर आलं, "आज गाडी काढायची नाही. आज फक्त खिडकीत बसून बघायचं." तेवढंच केलं. त्या आठवड्यात पाऊस ओसरल्यावर पहिली चक्कर मारली, घर ते मुलुंड स्टेशन आणि परत, नवरा शेजारी. मग तो मागे. मग तो घरी.

जूनमध्ये आईचं ऑपरेशन झालं. पहिल्यांदा एकटी ठाण्याला गेले तेव्हा हवामान खात्याचा यलो अलर्ट होता. हायवेला लागल्यावर सर आली, पुढचं नीट दिसेना, छाती धडधडायला लागली. वेग कमी केला, डाव्या लेनला आले, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवलं आणि मोठ्यानं बोलत राहिले, "वायपर चालू आहे, पाणी साचलेलं नाही, गाड्या चालतायत." ही युक्ती मॅडमची, जे डोळ्यांना दिसतंय तेच बोलायचं. तीन हात नाक्याला पोचेपर्यंत भीती ८० वरून ४० वर आली होती. आईला काही सांगितलं नव्हतं. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "एवढ्या पावसात कशाला आलीस, भिजली असतीस ना." मी आत जाऊन आधी दोन तांब्ये पाणी प्यायले.

सगळ्या दिवशी असं झालं नाही हेही लिहायला हवं. जुलैमध्ये एकदा हायवेवर एक ट्रेलर बाजूनं पाणी उडवत गेला आणि मी पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी लावून अर्धा तास बसून राहिले. रडू आलं, सगळं परत पहिल्यासारखं झालं असं वाटलं. मॅडमनी विचारलं, मग पुढे काय केलंत? मी म्हटलं, पाऊस चालूच होता, तशीच घरी गेले. त्या म्हणाल्या, हेच लिहून ठेवा. ठेवलं.

भांडुपची पायरी जुलैच्या शेवटी चढले. आधी दिवसा, मग रात्री, मग लेकीबरोबर. रात्रीच्या पावसात सिग्नलला शेजारी बस उभी राहिली तेव्हा लेकीनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिलाही तेच आठवत होतं. मी तिला म्हटलं, खाली बघ, किती पाणी आहे? ती म्हणाली, "काहीच नाही, नुसता ओला रस्ता आहे." सिग्नल सुटला, आम्ही गेलो.

मग आला ऑगस्ट. १९ तारखेला रेड अलर्ट होता, पालिकेनं खाजगी ऑफिसांनाही घरून काम करायला सांगितलं. आईची फिजिओची वेळ होती. नवरा म्हणाला, "भीती वाटतेय म्हणून नाही जात आहेस का?" प्रश्न बरोबर होता, म्हणून मी खरंच बसून विचार केला. आम्ही मॅडमबरोबर एक यादी केली होती, कधी जायचं नाही याची, आणि ती कोरड्या दिवशी, डोकं शांत असताना केली होती. रेड अलर्ट म्हणजे नाही. ४.५ मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी असेल तर नाही, कारण तेव्हा नाल्यांचं पाणी समुद्रात जातच नाही. भरतीच्या तारखा पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, आमच्या फ्रीजवर त्या लावलेल्या असतात. वाटेतल्या ओळखीच्या कुणी पाणी भरल्याचं सांगितलं तर नाही. बाकी दिवशी जायचं, मन नको म्हणालं तरी जायचं. शंका असेल तर पालिकेच्या १९१६ वर विचारता येतं. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ च्या पुढे अति मुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. हे आकडे माहीत असले की बातमीतल्या शब्दानं धस्स होत नाही, किती ते कळतं. त्या दिवशी यादीप्रमाणे "नाही" होतं, मी फिजिओला फोन करून वेळ बदलून घेतली. संध्याकाळी चेंबूरजवळ मोनोरेल अडकली आणि माणसांना शिडी लावून उतरवलं, ते टीव्हीवर बघताना माझे तळहात पुन्हा ओले झाले. पण त्याच आठवड्यात पाऊस कमी झाल्यावर आईला मीच घेऊन गेले.

आता सेशन महिन्यातून एकदाच असतं. थेरपी, रिफ्रेशर, टायर सगळं धरून ४० हजारांच्या आसपास खर्च झाला, क्लेमचे ३४ हजार वेगळे. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी १४४१६ आणि पालिकेची ओपीडी यांच्यापासून सुरुवात करावी, पायऱ्यांचा कागद आणि बोअरचं पाणी याला काहीच पैसे लागत नाहीत. घरच्यांसाठीही एक विनंती आहे. "काही होत नाही, चल" असं म्हणू नका, शेजारी बसा आणि गप्प बसा, माझ्या नवऱ्यानं तेच केलं. खंडाळ्याचा घाट पावसात आणि धुक्यात एकटीनं चालवणं अजून बाकी आहे, कागदावर ते ९० वर आहे. पुढच्या जूनमध्ये आधी सरांना शेजारी बसवून जाणार आहे, त्यांनी होकार दिलाय.